सेकंड हँड स्पोर्ट्स बाइक घ्यायची आहे? मालकांची मतं कशी वाचायची आणि गाडी कशी तपासायची



अचलपूर-परतवाड्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच पोरं बसलेली असतील, तर त्यातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये एखाद्या सेकंड हँड स्पोर्ट्स बाइकचे फोटो नक्की सापडतील. कारण सरळ आहे. ३०० ते ४०० सीसीची फुल फेअरिंगवाली गाडी नवी घ्यायला गेलो तर ऑन रोड हिशोब तीन-चार लाखांच्या घरात जातो. तीच गाडी चार-पाच वर्षं जुनी असेल तर निम्म्या किमतीत समोर दिसते. घरचा संत्र्याचा बहार विकला गेला असेल किंवा पहिल्या नोकरीचे वर्षभराचे पैसे साठले असतील, तर मोह होणारच.

मग आपण काय करतो? ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांना विचारतो. एक जण म्हणतो, "लय भारी गाडी हाये भाऊ, डोये झाकून घे." दुसरा म्हणतो, "घेऊ नको बे, मायलेज नाही, गरम होते, सर्व्हिसिंगमध्ये वावर विकाव लागते." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. गोंधळ नेमका इथेच होतो.

या लेखात आपण चार गोष्टी पाहू: मालकांच्या मतांतून कामाची माहिती कशी काढायची, कागदपत्रं मोबाइलवर कशी तपासायची, गाडीचा योग्य भाव कसा काढायचा, आणि गाडी नावावर करून घेणं का टाळू नये.

मालकाचं मत म्हणजे बग रिपोर्ट

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रोज बग रिपोर्ट येतात. "ॲप चालत नाही" एवढंच कुणी लिहिलं तर त्याचा उपयोग शून्य. कुठला फोन, कुठलं व्हर्जन, काय केल्यावर बंद पडलं, हे कळलं तरच पुढे जाता येतं. प्ले स्टोअरवर एकाच ॲपला एक स्टार आणि पाच स्टार सोबत दिसतात ना, तसंच हे.

गाडीच्या मतातही या तीन गोष्टी विचारा.

पहिलं, व्हर्जन कोणतं? म्हणजे गाडी कुठल्या वर्षाची? एकाच नावाची गाडी दर दोन-तीन वर्षांनी बदलत असते. २०१८ च्या गाडीची तक्रार २०२१ च्या गाडीला लागू होईलच असं नाही.

दुसरं, वापर कसा? रोज कॉलेजला चार किलोमीटर, की दर रविवारी चिखलदरा? थंड इंजिनवर रोज चार किलोमीटर चाललेली गाडी आणि हायवेवर दोनशे किलोमीटर चाललेली गाडी, दोघींची तब्येत वेगळी असते.

तिसरं, गाडी राहते कुठे? हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुण्यातला मालक म्हणतो, "मेंटेनन्सचा काही त्रास नाही." त्याच्यासाठी ते बरोबर आहे. सर्व्हिस सेंटर त्याच्या घरापासून पाच किलोमीटरवर आहे, पार्ट आला नाही तर तो दुसऱ्या डीलरकडे जातो. आपल्याला परतवाड्याहून अमरावती पन्नासेक किलोमीटर. एखाद्या ब्रँडचं सेंटर नागपूरलाच असलं तर एका बाजूने दोनशेच्या आसपास. गाडी चालत असेल तोवर हे अंतर म्हणजे मस्त राइड. बंद पडली की तेच अंतर टेम्पोचं भाडं होतं.

म्हणून कुठल्याही मालकाला "गाडी कशी आहे?" असं विचारू नका. हे दोन प्रश्न विचारा: "आतापर्यंतचं सगळ्यात मोठं बिल कशाचं आलं?" आणि "गाडी एका वेळी जास्तीत जास्त किती दिवस गॅरेजमध्ये उभी होती?" या दोन उत्तरांत तुम्हाला हवी ती माहिती येते. उत्तर देणारा माणूस तुमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत राहत असेल तर त्या मताला दुप्पट वजन द्या.

आणखी एक लक्षात ठेवा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम गाड्यांनाही लागू आहे. तीन लाख घालून घेतलेल्या गाडीला मालक सहजासहजी वाईट म्हणत नाही. विकायला काढली असेल तर अजिबातच नाही. सगळ्यात मोकळं मत ज्याने ती गाडी विकून वर्ष झालं आहे त्याच्याकडे मिळतं.

नेहमी ऐकू येणारी मतं आणि त्यांचा खरा अर्थ

*"गाडी लय गरम होते."*

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे पायाला लागणारी गरम हवा. या गाड्यांचं इंजिन ताकदीचं, त्यावर फेअरिंगचं झाकण, आणि रेडिएटरचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो. अकोला-अमरावतीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा सिग्नलवर ती हवा चटका देणारच. हा दोष नाही, त्रास आहे. तो सहन करायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनचं तापमान खरोखर हाताबाहेर जाणं. हा दोष आहे, आणि महागात पडणारा आहे. दोन्हींतला फरक तपासायला सोपं आहे. गाडी उभी ठेवून दहा मिनिटं चालू राहू द्या. तापमानाचा आकडा किंवा दांड्या वर चढतील, मग पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे आणि तापमान खाली आलं पाहिजे. पंखा सुरूच झाला नाही, किंवा सुरू होऊनही तापमान चढतच राहिलं, तर गाडी बंद करा आणि नमस्कार करून निघा.

*"मायलेज नाही."*

खरं आहे, पण हा निर्णय बदलणारा मुद्दा नाही. मायलेजपेक्षा टाकी पाहा. पहिल्या पिढीच्या केटीएम आरसी ३९० ची टाकी साधारण १० लिटरची, टीव्हीएस अपाचे आरआर ३१० ची ११ लिटरची, यामाहा आर३ ची १४ लिटरची आणि कावासाकी निन्जा ३०० ची १७ लिटरची. समजा लिटरला २५ किलोमीटर धरले, तर पहिलीत २५० किलोमीटर आणि शेवटचीत ४२५. घटांग, सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणाऱ्याला हा फरक जाणवतो, कारण जंगलाच्या पट्ट्यात हवा तिथे पंप मिळत नाही.

*"हाताले मुंग्या येतात."*

हे व्हायब्रेशन. आरसी ३९० आणि आरआर ३१० या एका सिलिंडरच्या गाड्या आहेत. आर३ आणि निन्जा ३०० दोन सिलिंडरच्या. मोठा एकच पिस्टन वर-खाली होतो तेव्हा धक्के जास्त जाणवतात, दोन छोटे पिस्टन ते वाटून घेतात. म्हणून दोन सिलिंडरच्या गाड्या हायवेवर मऊ वाटतात. पण पार्ट दुप्पट, म्हणून त्यांचा खर्चही जास्त.

*"पाठ मोडते."*

हँडल किती खाली आहे यावर हे अवलंबून असतं. जुन्या आरसी ३९० चं हँडल चांगलंच खाली आहे, अंगाचा भार मनगटावर येतो. आर३ आणि निन्जा ३०० वर माणूस बऱ्यापैकी सरळ बसतो. एक किलोमीटरच्या टेस्ट राइडमध्ये हे कळत नाही. शक्य असेल तर त्याच मॉडेलवर मित्रासोबत अमरावतीपर्यंत जाऊन या, मग ठरवा.

*"पार्ट भेटत नाही."*

हे मत सगळ्यात गंभीरपणे घ्या. बंद झालेल्या किंवा आपल्या भागात कमी विकल्या गेलेल्या मॉडेलचा साधा इंडिकेटर किंवा लिव्हरही ऑर्डर देऊन मागवावा लागू शकतो. गाडी पाहायला जाण्याआधी जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि तीन पार्टची किंमत व मिळायला लागणारे दिवस विचारा: चेन-स्प्रॉकेट सेट, क्लच प्लेट, समोरच्या ब्रेकचे पॅड. दहा मिनिटांच्या फोनमध्ये चित्र स्पष्ट होतं.

मॉडेल तेच, वर्ष वेगळं

आता व्हर्जनची गोष्ट. काही वर्षं लक्षात ठेवली तर फसवणूक टळते.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस बंधनकारक झालं. त्याआधीच्या गाड्यांत ते असेलच असं नाही. यामाहा आर३ भारतात २०१५ मध्ये आली तेव्हा तिला एबीएस नव्हतं, ते २०१८ मध्ये मिळालं. निन्जा ३०० ला पण एबीएस २०१८ मध्येच आलं. आरसी ३९० ला मात्र २०१४ पासून आणि आरआर ३१० ला डिसेंबर २०१७ मध्ये बाजारात आल्यापासून एबीएस आहे. होंडा सीबीआर २५०आर मध्ये ते पर्यायी होतं, म्हणजे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत एकीला असेल, दुसरीला नसेल. फोटोवर विश्वास ठेवू नका, समोरच्या चाकाजवळची दातेरी रिंग स्वतः पाहा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्याआधी मार्च महिन्यात डीलरनी उरलेल्या बीएस-४ गाड्या सवलतीत काढल्या होत्या. त्यामुळे "२०२० ची गाडी" एवढं पुरेसं नाही. आरसी बुकवर बनवल्याचा महिना आणि बीएसचा टप्पा दोन्ही पाहा. आर३ आणि सीबीआर २५०आर त्याच वेळी बाजारातून गेल्या. आर३ डिसेंबर २०२३ मध्ये परत आली, पण जास्त किमतीत.

आरआर ३१० च्या पहिल्या वर्षातल्या गाड्यांबद्दल व्हायब्रेशनची तक्रार खूप ऐकू येते. कंपनीने २०१९ मध्ये स्लिपर क्लच दिला, २०२० च्या बीएस-६ गाडीत नवा डिस्प्ले आणि रायडिंग मोड दिले. म्हणून आरआर ३१० बद्दल कुणाचंही मत ऐकताना आधी विचारा, "कोणत्या साली घेतलेली?" आरसी ३९० चंही तसंच. २०१४ ची, २०१७ ची आणि २०२२ मध्ये आलेली नवी पिढी, या नावाने एक पण वागणुकीत वेगळ्या गाड्या आहेत.

बजेट कमी असेल तर सुझुकी जिक्सर एसएफ २५० कडेही बघा. तिचं इंजिन ऑइल कूल्ड आहे, म्हणजे रेडिएटरमधलं कूलंट, त्याचा पंप, त्याचे पाइप ही भानगडच नाही. ताकद कमी, पण आपल्या भागात जितक्या कमी गोष्टी बिघडू शकतात तितकं बरं.

घरबसल्या मोबाइलवर काय तपासायचं

गाडी पाहायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून नंबर प्लेटचा आणि आरसी बुकच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. द्यायला कचरत असेल तर तिथेच थांबा.

१. एमपरिवहन ॲप किंवा परिवहन विभागाच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, मॉडेल, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे हे दिसतं. आरसी बुकच्या फोटोशी एकेक ओळ जुळवा.

२. आरसी बुकवर मालक कितवा आहे त्याचा आकडा असतो. विकणारा "सिंगल ओनर" म्हणतो आणि तिथे ३ दिसतो, असं बऱ्याचदा होतं.

३. फायनान्स कंपनीचं नाव आहे का पाहा. असेल तर "कर्ज फिटलं हाये ना भाऊ" या वाक्याला किंमत नाही. बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

४. ई-चलानच्या सरकारी वेबसाइटवर थकलेले दंड पाहा. स्पोर्ट्स बाइकवर वेगाचे आणि फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचे दंड साचलेले असू शकतात. रक्कम किमतीतून वजा करा किंवा विकणाऱ्याला आधी भरायला लावा.

५. गाडी चोरीची नाही ना, यासाठी डिजिटल पोलीस पोर्टलवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून वाहनाची एनओसी काढता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

६. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली आहे का विचारा. नसेल तर पुढे आरटीओच्या कामात अडकाल.

आणखी एक सावधगिरी. जुन्या वस्तूंच्या ॲपवर "मी सैन्यात आहे, बदली झाली, गाडी पार्सलने पाठवतो, आधी टोकन टाका" असा मेसेज आला, की ती फसवणूक समजा. आणि तुम्ही स्वतः काही विकत असाल तर हे पाठ करा: यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही.

गाडी पाहायला गेल्यावर

विकणाऱ्याला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर इंजिनला हात लावून पाहा. गरम लागलं तर समजा, थंड इंजिनचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता.

चावी फिरवल्यावर इंजिनचा आणि एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे. गाडी सुरू झाल्यावर इंजिनचा दिवा आणि थोडं पुढे गेल्यावर एबीएसचा दिवा विझला पाहिजे. न विझणारा दिवा वाईटच. पण सुरुवातीला लागलाच नाही तर जास्त वाईट, कारण कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

पडलेली गाडी ओळखायची असेल तर फेअरिंग बघू नका, ती बदलता येते. क्लच आणि ब्रेक लिव्हरची टोकं, फूटरेस्टची टोकं, सायलेन्सरची कड पाहा. हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवून, जिथे ते अडतं तो फ्रेमवरचा अडथळा मोबाइलच्या टॉर्चने पाहा. तो चेपलेला किंवा त्यावर नवा रंग असेल तर गाडीला समोरून मोठा मार बसला आहे. मग मित्राला गाडी हळूहळू पुढे ढकलायला लावा आणि मागून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. चाक डुलत असेल तर डोळ्यांना दिसत नाही, व्हिडिओत दिसतं.

मीटरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. डिजिटल मीटर बदलता येतं. सर्व्हिसची बिलं मागा, त्यावर प्रत्येक वेळी किलोमीटर लिहिलेले असतात. टायरवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आता गाडी २०१९ ची, मीटर म्हणतं आठ हजार किलोमीटर, आणि टायर २०२३ चे? मग पहिले टायर आठ हजारांच्या आतच कसे संपले, हा प्रश्न विचारायलाच हवा. टेस्ट राइडमध्ये पाच किलोमीटर जा आणि ट्रिप मीटरचा आकडा मोबाइलच्या नकाशावरच्या अंतराशी ताडून पाहा.

समोरच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर तेलाचं कडं आहे का पाहा. असेल तर सील गेले. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून बोटाने ओढून पाहा, दात दिसण्याइतकी उचलली गेली तर सेट बदलायचा झाला.

आणि एक गोष्ट घासाघीस करायची नाही: ब्रेक आणि टायर. स्प्लेंडरचं इंजिन साधारण ८ बीएचपीचं, आरसी ३९० चं ४३ च्या आसपास. पाचपट ताकद हातात येते आणि रस्ता तोच असतो, वळणावर ट्रॅक्टर, रात्री लाइट नसलेली बंडी. चिखलदऱ्याच्या उतारावर कडक झालेला जुना टायर धरत नाही. नवे टायर आणि चांगलं हेल्मेट हे गाडीच्या किमतीतच धरा.

भाव कसा काढायचा

विकणारा म्हणतो, "मी पावणेतीन लाखाले घेतली होती." त्याने कितीला घेतली याचा तुमच्याशी संबंध नाही. आज तीच किंवा तिच्यासारखी गाडी नवी कितीला मिळते, हे पाहा.

इथे २०२५ मध्ये मोठा बदल झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० च्या वर तो ४० टक्के झाला, आधी उपकर धरून ३१ होता. याचा अर्थ ३१० सीसीची नवी गाडी स्वस्त झाली, म्हणून तिच्या जुन्या गाडीचा भावही उतरायला हवा. आणि ३७३ सीसीच्या जुन्या गाडीचा मालक भाव धरून बसला, तर त्यामागे कारण आहे.

दुसरा आधार म्हणजे विम्यातली आयडीव्ही. विमा कंपन्या ठरलेल्या तक्त्याने गाडीची किंमत कमी करत जातात: एक ते दोन वर्षं २० टक्के, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४०, चार ते पाच वर्षं ५० टक्के घट. समजा गाडीची एक्स शोरूम किंमत ३ लाख आहे आणि वय साडेचार वर्षं. आयडीव्ही झाली दीड लाख. बाजारभाव थोडा वर-खाली असतो, पण विकणारा सव्वादोन लाख म्हणाला तर "कशाचे?" हे विचारायला तुमच्याकडे आकडा आहे.

आता हातात येईपर्यंतचा खर्च मांडा. ठरलेल्या किमतीत टायर, चेन सेट, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, विमा आणि नावावर करण्याचा खर्च मिळवा. माझा साधा नियम असा: बजेट दीड लाख असेल तर गाडी सव्वा लाखाची पाहा, पंचवीस हजार बाजूला ठेवा. ते लागले नाहीत तर आनंदच.

विम्यातही सीसीचा फरक आहे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये, ३५० च्या वर २,८०४ रुपये, जीएसटी वेगळा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. म्हणून "विमा चालू हाये" हे खरं असू शकतं, पण तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग चालू आहे का, ते पॉलिसी उघडून वाचा. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो तुमच्याकडे येत नाही.

नावावर करा, आणि लगेच करा

आपल्याकडे एक पद्धत आहे. फॉर्मवर सह्या घ्यायच्या, आरसी बुक खिशात टाकायचं आणि "पुढे विकायचीच हाये, कायले नावावर करता" म्हणत वर्षभर फिरायचं. यात विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी कितीही हातांतून गेली असो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. म्हणजे गाडी विकणाऱ्याने नोंद बदलली नाही तर दुसऱ्याने केलेल्या अपघाताची भरपाई त्याच्या दारात येऊ शकते.

घेणाऱ्याचं काय? विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला आणि गाडी चोरीला गेली किंवा अपघातात मोडली, तर नुकसानीचा दावा अडकतो. दोन लाखांची गाडी आणि हातात काही नाही. विम्यावरचं नावही १४ दिवसांत बदलून घ्या.

गाडी एमएच-२७ ची असेल तर काम अमरावतीतच होतं. पुणे, नागपूर किंवा अकोल्याची असेल तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी लागते, तो फॉर्म २८. नंबर मात्र तोच राहतो. बैतूल आपल्याला जवळ, म्हणून एमपी-४८ ची गाडी स्वस्तात समोर येते. पण परराज्यातली गाडी इथे आणली की एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने, आणि नवा नंबर. हा सगळा खर्च धरल्यावर ती खरंच स्वस्त राहते का, ते कागदावर लिहून पाहा. बऱ्याचदा राहत नाही.

पैसे देताना पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. थोडे हजार रुपये नावावर होईपर्यंत मागे ठेवायचे, असं आधीच लिहून घ्या. आणि शक्य तितकी रक्कम बँकेतून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

थोडक्यात

मालकाचं मत ऐका, पण त्याला वर्ष, वापर आणि गाव हे तीन प्रश्न जोडा. पार्ट आणि सर्व्हिस तुमच्या गावापासून किती लांब आहे, हे गाडीच्या ताकदीआधी पाहा. कागद मोबाइलवर, इंजिन थंड असताना, आणि भाव नव्या गाडीच्या आजच्या किमतीवरून. यातल्या एकाही ठिकाणी मन साशंक झालं तर ती गाडी सोडून द्या. बाजारात दुसरी येतेच.

आज करण्यासारखं एकच काम: जी गाडी तुमच्या मनात आहे तिचा मालक आपल्या भागात शोधा आणि त्याला विचारा, गाडी एका वेळी जास्तीत जास्त किती दिवस गॅरेजमध्ये उभी होती. उत्तर "दोन दिवस" आलं तर पुढे जा. "दीड महिना, पार्ट येईना" असं आलं तर दुसरं मॉडेल शोधा. हा लेख गाडी घ्यायला निघालेल्या मित्राला नक्की पाठवा, आणि टेस्ट राइडला जाताना हेल्मेट विसरू नका.